स्नोमध्ये फर्नेसचे पाईप मोकळे कसे ठेवायचे

रात्रभर स्नो पडला की सकाळी सगळ्यांची फावडी आधी ड्राइव्हवेवर चालतात, कारण गाडी काढायची असते. खरं तर पहिली फेरी घराच्या बाजूला, फर्नेसच्या, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीच्या, पाईपाकडे व्हायला हवी. ड्राइव्हवे तासभर तसाच राहिला तर फार तर ऑफिसला उशीर होईल. पाईप बुजलेला राहिला तर उणे वीसमध्ये हीटिंग बंद पडतं, आणि परिस्थिती वाईट जुळून आली तर घरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू शिरतो.

आपला फर्नेस कुठल्या जातीचा आहे?

बेसमेंटमध्ये जाऊन फर्नेसमधून निघणारा पाईप बघा. पत्र्याचा पाईप वर चिमणीकडे किंवा छताकडे जात असेल तर फर्नेस जुन्या पद्धतीचा आहे. त्याचा धूर भरपूर गरम असतो आणि आपोआप वर चढतो. तोंड छतावर असल्याने तिथे स्नोचा त्रास क्वचित होतो. प्लास्टिकचे २ किंवा ३ इंची पाईप आडवे जाऊन भिंतीतून बाहेर पडत असतील तर तो हाय-एफिशिअन्सी फर्नेस. कॅनडात अशा पाईपावर ‘एस ६३६’ हा धुराच्या प्लास्टिक पाईपांच्या मानकाचा क्रमांक छापलेला असतो. टोरांटो, मिसिसॉगा, शिकागो, मिनियापोलिस, बॉस्टन या पट्ट्यातल्या गेल्या वीसेक वर्षांतल्या घरांत बहुतेक करून हाच प्रकार सापडेल.

हा फर्नेस धुरातली उष्णता इतकी काढून घेतो की आतली वाफ पाणी होऊन गळते आणि बाहेर पडणारा वायू साधारण ४० ते ६० अंश सेल्सियसचाच उरतो. म्हणून प्लास्टिक चालतं, चिमणी लागत नाही, आणि बिल्डर जवळची भिंत पाहून गुडघ्याच्या उंचीवर पाईप बाहेर काढून मोकळा होतो. गॅसचं बिल कमी झालं, पण धुराचं तोंड छतावरून जमिनीपाशी आलं. सगळी अडचण इथून सुरू होते.

बहुतेक घरांत पाईप दोन असतात: एक हवा आत घेणारा, एक धूर बाहेर सोडणारा. फर्नेस चालू असताना बाहेर जाऊन उभे राहा. ज्यातून पांढरी वाफ येते, ज्याच्या टोकाला पाणी ठिबकतं, तो धुराचा. हवा घेणाऱ्याचं तोंड सहसा खाली वळवलेलं असतं. काही ठिकाणी एका पाईपात दुसरा बसवलेला असतो, तेव्हा भिंतीवर एकच जाड तोंड दिसतं. काही घरांत मात्र बाहेर खरोखरच एकच पाईप असतो आणि फर्नेस जळण्यासाठी लागणारी हवा बेसमेंटमधूनच घेतो. आपल्याकडे यांपैकी काय आहे ते ऑक्टोबरातच पाहून ठेवा.

बुजल्यावर नेमकं काय होतं

थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की फर्नेस लगेच गॅस सोडत नाही. आधी एक छोटा पंखा धुराच्या मार्गातून हवा ओढतो. हवा नीट वाहते आहे असं दाब तपासणाऱ्या प्रेशर स्विचला पटलं तरच गॅस पेटवणारा इग्नायटर लाल होतो, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्योत लागते. पाईप पूर्ण बुजला असेल तर प्रेशर स्विच लागतच नाही. पंखा घुरघुरतो, थांबतो, पुन्हा घुरघुरतो. काही प्रयत्नांनंतर फर्नेस स्वतःला कुलूप लावून घेतो आणि आतल्या सर्किट बोर्डावरचा दिवा ठरावीक पद्धतीने लुकलुकू लागतो. त्या लुकलुकीचा अर्थ सांगणारा तक्ता फर्नेसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. घर गार पडतं, पण माणसं सुरक्षित राहतात. यंत्र बिघडलेलं नसतं, त्याचं काम ते करत असतं.

जास्त घातक असतो तो अर्धवट अडथळा. धुराच्या तोंडासमोर फूटभरावर स्नोची भिंत उभी राहिली की बाहेर फेकलेला धूर तिच्यावर आपटून मागे येतो आणि शेजारच्या हवा घेणाऱ्या पाईपातून पुन्हा आत ओढला जातो. फर्नेस स्वतःचाच धूर श्वासात घेऊ लागतो. प्राणवायू कमी पडतो, ज्वलन अपुरं होतं, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. धुरातली वाफ हवेच्या पाईपाच्या तोंडाशी गोठून तेही हळूहळू बंद होतं. आणि प्रेशर स्विचला पुरेल एवढी हवा वाहत असेल तर तो यावर काहीच बोलत नाही. बाहेर कोंडलेला धूर जवळच्या खिडकीच्या फटीतून किंवा भिंतीतल्या दुसऱ्या भोकातून घरात शिरायला मोकळा.

जानेवारी २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावी हीटिंगचा व्हेंट (धूर बाहेर सोडणारं तोंड) स्नोने बुजला आणि निकोल गारोफालो ही ७ वर्षांची मुलगी कार्बन मोनॉक्साइडने दगावली. त्याच वर्षी त्या राज्याने ‘निकोल्स लॉ’ आणून घरोघरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा केला. तिथला आणखी एक नियम कुठेही उचलण्यासारखा आहे: भिंतीतून निघणारा व्हेंट जमिनीपासून ७ फुटांपेक्षा खाली असेल तर त्याच्या बरोबर वर, जमिनीपासून किमान ८ फुटांवर, ‘खाली गॅसचा व्हेंट आहे, मोकळा ठेवा’ अशा अर्थाची पाटी लावावी लागते. स्नो कितीही साचला तरी पाईप कुठे शोधायचा ते पाटी सांगते.

स्नो पडण्याआधीची कामं

पाईपाच्या तोंडाची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. सर्वसाधारण नियम असा की आपल्या भागात जेवढा स्नो साचण्याची अपेक्षा असते त्याच्या वर किमान १२ इंच तोंड असावं. नुसतं जमिनीपासून १२ इंच असणं पुरत नाही. शिवाय बिल्डरने मोजलं ते उघड्या जमिनीपासून. नंतर आपण तिथे फुलांचा वाफा केला, माती-मल्च टाकलं, डेक बांधला, तर तीच उंची सहा-आठ इंचांनी घटलेली असते. अर्थात उंचीची सुद्धा मर्यादा आहे. २०१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये एकूण १०० इंचांहून जास्त स्नो पडला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये एकाच वादळात सुमारे ८० इंच. असल्या वेळी कुठलाच पाईप पुरेसा उंच नसतो, फावडंच लागतं.

पाईपाच्या दोन्ही बाजूंना, दोन-दोन फुटांवर, ड्राइव्हवेच्या कडेला रोवतात तसल्या चमकत्या पट्टीच्या ४–५ फुटी काठ्या रोवा. जमीन गोठण्याआधी रोवल्या तरच त्या आत जातात. जवळची झुडपं छाटा. बागेच्या खुर्च्या, कचऱ्याचे डबे, झाकलेला बार्बेक्यू पाईपासमोरून हलवा. वाऱ्याने येणारा स्नो अशाच वस्तूंच्या आडोशाला साचतो. टाउनहाउसमध्ये पाईप बहुधा मागच्या अंगणात असतो आणि तिकडे जायचं फाटक स्नोने अडतं. तेव्हा एक फावडं मागच्या दाराच्या आत ठेवा. गराजमध्ये ठेवलेलं फावडं काढायला आधी गराजसमोरचा स्नो उपसावा लागतो, हे बऱ्याच जणांना वादळातच कळतं.

तोंड फार खाली असेल तर पाईप भिंतीच्या बाहेरून वर चढवून घेता येतो. हे काम लायसन्स असलेल्या टेक्निशियनचं. ऑन्टारिओत टीएसएसएकडे (तिथल्या तांत्रिक सुरक्षा प्राधिकरणाकडे) नोंदणी असलेल्या कंत्राटदाराचं. दुकानातून एल्बो (पाईप वळवणारा कोपरा) आणून स्वतः चिकटवण्याचा मोह टाळा. प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाईपाची एकूण लांबी आणि एल्बोंची संख्या यांवर मर्यादा दिलेली असते, आणि एक एल्बो कित्येक फूट सरळ पाईपाइतका अडथळा करतो. दोन एल्बो जास्त झाले की प्रेशर स्विच कडाक्याच्या थंडीतच कुरकुरायला लागतो. धुराच्या पाईपाला फर्नेसकडे उतार लागतो, दर फुटाला साधारण पाव इंच. तो चुकला की पाणी मध्येच तुंबतं. दोन तोंडांमधलं अंतर, खिडकीपासूनचं अंतर, गॅस मीटरच्या रेग्युलेटरपासूनचं अंतर यांचेही नियम आहेत.

आणखी दोन गोष्टी लोक चांगल्या हेतूने करतात आणि फसतात. एक, तोंडाला बारीक जाळी लावणं. उंदीर-खारी अडतात, पण वाफ जाळीवर गोठून चार तासांत तिचं झाकण होतं. कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेली जाळी असेल तरच वापरा. दोन, स्नो लागू नये म्हणून पाईपाभोवती प्लायवुडची पेटी करणं. त्या पेटीत धूर कोंडतो आणि हवेच्या पाईपातून परत आत जातो.

वादळ चालू असताना

किती इंच पडणार यापेक्षा वारा किती आणि कुठून येणार हे बघा. शांत हवेत ८ इंच पडला तरी पाईप उघडा राहू शकतो. वारा असेल तर ३ इंचांचा सुद्धा भिंतीच्या कोपऱ्यात चार फुटी ढीग होतो. घराच्या आडोशाची बाजू, दोन भिंतींचा कोपरा, डेकच्या खालची जागा, दोन टाउनहाउसमधली अरुंद गल्ली या त्याच्या आवडत्या जागा. वारा असेल तर दर तीन-चार तासांनी, नसेल तर दर ४–६ इंचांनंतर एक फेरी. झोपण्यापूर्वी एक आणि उठल्याबरोबर एक या दोन मात्र चुकवू नका, कारण सर्वांत लांब खंड रात्रीचा पडतो.

पाईप गाडला गेला असेल तर आधी थर्मोस्टॅट बंद करा. आपण तोंडापाशी वाकलेलो असताना फर्नेस सुरू झालेला नको. बाहेर गेल्यावर पहिलं काम वर बघणं: छताच्या कडेला लोंबणारा स्नो किंवा मोठ्या बर्फाच्या सुया असतील तर खाली उभे राहू नका. मग बाहेरून भिंतीच्या दिशेने उपसत या. प्लास्टिकचं फावडं पाईपापासून फूटभर अंतरावर येईपर्यंतच चालवा. तिथून पुढे हातमोजे आणि गाडीचा मऊ ब्रश. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, फावड्याच्या एका फटक्यात पाईपाला तडा जातो किंवा भिंतीच्या आतला सांधा निसटतो. हा दुसरा प्रकार बाहेरून दिसत नाही आणि धूर घरातच सुटू लागतो. स्नो ब्लोअर तर या भागात आणूच नका, आणि ड्राइव्हवेवर चालवताना त्याचं तोंड घराच्या भिंतीकडे वळवू नका. व्हेंट बुजवणारा स्नो पुष्कळदा आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या ब्लोअरमधून आलेला असतो.

सगळ्या बाजूंनी निदान ३ फूट मोकळं करा आणि पाईपाच्या खाली जमीन दिसेपर्यंत जा. नुसता तोंडाएवढा बोगदा करून थांबणं हा ठरलेला घोटाळा आहे. बोगद्याच्या भिंतींवर आपटून धूर मागे फिरतो आणि अर्धवट अडथळ्याचं वर सांगितलेलं सगळं सुरू होतं. काढलेला स्नो मीटरवर किंवा शेजाऱ्याच्या पाईपासमोर टाकू नका. शेवटी टॉर्च मारून दोन्ही तोंडांत बघा. आत स्नो असेल तर बोटांनी बाहेर ओढा, काठीने आत ढकलू नका. बोटं पोहोचतील त्याच्या पलीकडे स्नो किंवा बर्फ दिसला तर टेक्निशियनला बोलवा.

आता थर्मोस्टॅट चालू करा. फर्नेसने कुलूप लावून घेतलं असेल तर त्याच्या बाजूचा स्विच मिनिटभर बंद करून पुन्हा चालू करा. आधी छोटा पंखा, मग टक् असा आवाज, मग ज्योत, आणि थोड्या वेळाने बाहेर वाफ: हा क्रम पूर्ण झाला की काम झालं. एकदा रीसेट करून नाही चालला तर पुन्हा पुन्हा करत बसू नका. ठिबकलेलं पाणी वाहून नेणारी नळी गोठलेली असेल किंवा आत पाणी तुंबलं असेल. तो बिघाड स्विचने सुटत नाही.

स्नो नसताना नुसत्या बर्फानेही तोंड बंद होतं, आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही. कडाक्याच्या थंडीत फर्नेस तासन्‌तास चालतो, टोकाशी ठिबकणारं पाणी जमिनीवर पडून गोठतं आणि खालून बर्फाचा खांब वाढत वाढत तोंडापर्यंत पोहोचतो. वरून बघणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसतं. आठवड्यातून एकदा वाकून खालून बघा. लहान सुया हातमोज्याने मोडा. जमिनीवरचा खांब पायथ्याशी, पाईपापासून लांब, फोडा. हातोडी, हीट गन, ब्लो टॉर्च यांतलं काहीही पाईपाजवळ नेऊ नका; हे प्लास्टिक उष्णतेने मऊ पडतं. उकळतं पाणी ओतलं तर तेच पाणी दहा मिनिटांत जास्त घट्ट बर्फ होऊन बसतं.

भिंतीवरची बाकीची तोंडं

फर्नेसच्या निमित्ताने घराला पूर्ण फेरी मारा. वॉटर हीटरचा पाईप वेगळा असू शकतो आणि त्याला फर्नेसइतकीच काळजी लागते. गॅसवर चालणाऱ्या ड्रायरचा व्हेंट बुजला तर तोही धोक्याचाच. एचआरव्ही (बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब वापरून ताजी हवा आत आणणारं यंत्र) असेल तर त्याच्या हवा घेणाऱ्या तोंडाची जाळी गोठलेल्या दवाने बंद होते, ती ब्रशने झाडा. गॅस फायरप्लेसचा व्हेंट चालू असताना भाजतो, हात लावू नका. गॅस मीटर आणि रेग्युलेटरवरचा स्नो हाताने किंवा मऊ ब्रशने काढा, फावड्याने ठोकून किंवा लाथेने नाही. छतावरून पाणी ठिबकून रेग्युलेटरवर बर्फ जमत असेल तर गॅस कंपनीला फोन करा. आणि बाहेर उभी गाडी चालू करण्यापूर्वी तिचा सायलेन्सर उकरून काढा, मगच मुलांना आत बसवा.

अलार्म

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅसगळतीला जो कुजकट वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये तसं काही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, पण ताप नाही. घरातल्या दोघा-तिघांना एकदम असं होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल तर सर्दी-फ्लू समजून क्रोसिन घेऊन झोपू नका.

अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ हवा. ऑन्टारिओत गॅसची उपकरणं असलेल्या घरांत २०१४ पासून तो कायद्यानेच लागतो. उत्तर अमेरिकेतले अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) १ ते ४ तासांत, १५० ला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० ला ४ ते १५ मिनिटांत वाजतात. म्हणजे कमी प्रमाणात तो बराच वेळ गप्प राहतो. डोकं दुखत असताना अलार्म वाजला नाही हा सगळं ठीक असल्याचा पुरावा मानू नका. चार पिप, थोडी शांतता, पुन्हा चार पिप हा वायूचा इशारा. अधूनमधून एकच चिर्र म्हणजे बॅटरी संपली किंवा अलार्मचं वय झालं. मागे छापलेली तारीख बघा. मॉडेलप्रमाणे ५ ते १० वर्षांत तो बदलावाच लागतो. चार पिप ऐकू आल्या तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, माणसं मोजा, ९११ ला फोन करा, आणि फायर ब्रिगेडने सांगेपर्यंत जाकीट आणायलाही आत जाऊ नका.

बेसमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांची खोली बरेचदा फर्नेसच्या भिंतीला लागून असते आणि पाईप त्यांच्याच खिडकीशेजारी निघतो. तो पाईप कोण साफ करणार हे घरमालकाशी बोलून मेसेजवर लिहून घ्या. अलार्म नसेल तर मागा, आणि मिळेपर्यंत स्वतः एक आणून पलंगाजवळ लावा.

वीज गेली किंवा घर बंद असलं तर

वीज गेली की फर्नेसही बंद. पण वीज येताक्षणी तो आपोआप सुरू होतो, म्हणून अंधारातही पाईप मोकळा ठेवा. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब, दारं-खिडक्या आणि या पाईपांपासून दूर. गराजचं शटर उघडं असलं तरी आत नाही. ऊब यावी म्हणून गॅसचा ओव्हन उघडा ठेवणं, बार्बेक्यू किंवा कोळशाची शेगडी आत आणणं म्हणजे ज्या वायूसाठी इतकी काळजी घेतली तोच हाताने घरात आणणं.

डिसेंबर-जानेवारीत भारतात जायचं असेल तर किल्ली नुसती शेजाऱ्याकडे देऊन भागत नाही. त्यांना पाईपापाशी नेऊन दाखवा, फावडं कुठे आहे ते सांगा. थर्मोस्टॅट १६ सेल्सियसवर ठेवा आणि तापमान १० च्या खाली गेलं तर फोनवर सूचना येईल असं लावा. पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे फर्नेस बंद पडून पाण्याचा पाईप गोठून फुटलाच तर घरभर पाणी होणार नाही. विम्याच्या पॉलिसीत रिकाम्या घराला किती दिवसांनी कुणी भेट द्यायची याची अट असू शकते, ती निघण्यापूर्वी वाचा. उलट आई-बाबा इकडे आले असतील आणि दिवसभर घरी तेच असतील, तर त्यांना स्नो उपसायला लावू नका. पण खिडकीतून वाफ दिसते का ते बघायला, अलार्मच्या चार पिप ओळखायला आणि ९११ लावायला पहिल्याच आठवड्यात शिकवून ठेवा. घराचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा. तिकडून पहिला प्रश्न पत्त्याचाच येतो.